मोदक, घोणस आणि आमच्या घरातली मुलं

(आपल्या मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून गेली बावीस वर्षं राज्य सरकारच्या सिंचन खात्यात पंप आणि पॅनेल सांभाळतो. चार माणसांसमोर बोलायची वेळ येते ती ‘मोटर का जळली’ याचा खुलासा द्यायला. पण कार्यवाहांचा फोन आला, ‘तुमच्या घरी साप पाळलाय म्हणे. श्रावण आहे, नागपंचमी नुकतीच झाली, दहा मिनिटं बोला.’ मी म्हटलं, साप माझा नाही, धाकट्या भावाचा आहे. ते म्हणाले, ‘घर एकच ना?’ घर एकच आहे. तिथेच सगळी गोष्ट आहे, म्हणून आलो.

बडोद्यात आपण सापाला वर्षातून दोनदा हात जोडतो. आपली नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला, आणि शेजारच्या गुजराती घरांतली नागपांचम वद्य पंचमीला. शिवाय आता गणपती येईल त्याच्या पोटाला नागाचाच पट्टा. एरवी मात्र ओट्यावर साप दिसला की पहिली हाक काठीसाठी जाते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मगरी रस्त्यावर आल्या, त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. साप घराघरांत आले, त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. मागे मोकळा प्लॉट आणि त्याच्या पलीकडे पावसाळी कांस. घरात आई, वय बहात्तर. मी, सौ. आणि आमची मुलगी, आता आठ वर्षांची. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, जो आता पाच वर्षांचा झाला.

दोन वर्षांपूर्वी भावाचा एक मित्र नोकरीसाठी कॅनडाला निघाला. त्याच्याकडे एक बॉल पायथन होता. तो घेऊन जाता येईना, म्हणून आमच्याकडे आला. बॉल पायथन म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. बिनविषारी. वाढून वाढून तीन ते पाच फूट. घाबरला की पळत नाही, स्वतःचा चेंडू करून डोकं मधे लपवतो, त्यावरून ते नाव. मुलांनी त्याला तसं गुंडाळलेलं पाहिलं आणि नाव ठेवलं ‘मोदक’. नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं, कधी तीससुद्धा जगतो. म्हणजे माझ्या रिटायरमेंटनंतरही मोदक घरात असणार. भावाने ही बाब आणल्यानंतर सांगितली.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलंय. आपल्याकडचा कुठलाही साप, धामण असो, नाग असो की आपला अजगर, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. अजगरासाठी तर तीन ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे. ‘आम्ही पकडला नाही, पिल्लू सापडलं होतं’ हे चालत नाही. परदेशी जातींचं वेगळं. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. मी सरकारी नोकर. कागद पूर्ण होईपर्यंत मी रात्री नीट झोपलो नाही, आणि भाऊ मला हसत होता. कोणी आणून देतो म्हणाला, तर आधी त्याचे कागद बघा.

आता घरातलं. मोदक आला तेव्हा मी पहिली हात घातलेली गोष्ट म्हणजे वायरिंग. या सापाला पेटीची एक बाजू एकतीस-बत्तीस अंश आणि दुसरी सव्वीसच्या आसपास लागते, म्हणजे तो स्वतः हवी ती जागा निवडतो. आपल्याकडे थंडीत रात्री पारा दहा-बाराला येतो, तेव्हा पेटीखाली गरम होणारी चटई लावावी लागते. मित्राने चटई दिली होती, थर्मोस्टॅट दिला नव्हता. मी प्रोब ठेवून तासभर चालवून पाहिली. सेहेचाळीस अंश! आपल्याला चटका बसला की हात आपोआप मागे येतो. हे साप तापलेल्या जागेवरून वेळेत उठत नाहीत, पोटाची कातडी भाजून घेतात. आणि तीन वर्षांचं पोर त्या वायरशी खेळलं तर? मग थर्मोस्टॅट बसवला, त्या सर्किटला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी टाकला, वायर पट्टीत घालून भिंतीला ठोकली. एवढं केल्यावर मला वाटलं, आपलं काम झालं. सुरक्षेचा भाग संपला. इंजिनिअर माणसाचा हा नेहमीचा गैरसमज.

पहिला दणका कुलुपाने दिला. पेटीला समोरून सरकत्या काचा आहेत आणि शोकेसला असतं तसं कुलूप. एका रविवारी पाहुणे आले, भावाने मोदकला बाहेर काढून दाखवलं, परत ठेवलं, काच लावली आणि गप्पांच्या नादात कुलूप राहिलं. सापाला हात नाहीत, पण नाक आहे. बोटभर फट मिळाली की नाक घालून तो काच सरकवतो. सकाळी पेटी रिकामी.

तीन दिवस! तीन दिवस आमच्या घरात कोणी अनवाणी चाललं नाही. दोन्ही मुलं आमच्या खोलीत, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेले. आईने शेजारी कोणाला सांगू दिलं नाही. ‘लोक हळदीकुंकवाला यायचे बंद होतील’, म्हणाली. तिसऱ्या रात्री सौ. फ्रिजखालचा ट्रे काढायला वाकली आणि तिथूनच ओरडली. कॉम्प्रेसरच्या उबेला मोदक चेंडू करून बसला होता.

मला तेव्हा आठवण झाली ती कॅनडातल्या एका बातमीची. २०१३ साली कॅम्पबेलटन गावात एका घरात ठेवलेला आफ्रिकन रॉक पायथन पेटीतून निसटला, हवेच्या नळातून दुसऱ्या खोलीत उतरला, आणि झोपेतली दोन भावंडं गेली. एक चार वर्षांचं, एक सहा वर्षांचं. तो फार मोठ्या जातीचा अजगर, मोदकची आणि त्याची बरोबरी नाही. एवढ्या आकाराच्या बॉल पायथनने मुलाचा जीव घेणं शक्य नाही. बिथरला तर चावेल, बारीक दातांचे ओरखडे उठतील, रक्त येईल. पण बातमीतली एक गोष्ट सारखीच होती. पेटीतून निघाला, आणि मुलं त्याच छपराखाली झोपलेली होती. म्हणून माझं मत सांगतो: लहान मुलांच्या घरात मोठ्या जातीचे अजगर कुठल्याही पेटीत, कुठल्याही कुलुपात नकोत. त्यावर चर्चा नाही.

मग मी पंपहाउसची पद्धत घरी आणली. आमच्याकडे मोटरवर काम करायचं तर जो स्विच बंद करतो त्याच्याच खिशात कुलुपाची किल्ली. दुसऱ्या कोणी ‘मी बघतो’ म्हणायचं नाही. तसं, मोदकची किल्ली फक्त भावाकडे. पेटी वरच्या मजल्यावरच्या खोलीत, खोलीला माझ्या डोक्याच्या उंचीवर कडी. कुलूप लावलं की वहीत वेळ आणि सही. भाऊ म्हणाला, ‘दादा, हे काय सरकारी ऑफिस आहे?’ मी म्हटलं, हो. अजून वही चालू आहे.

यानंतर आला जंतूंचा विषय, आणि इथे आमची सगळ्यांत जास्त चूक झाली होती. साप बिनविषारी म्हणजे निर्धोक, असंच घरात सगळे धरून चाललो होतो. मुलीच्या तापासाठी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो असताना सहज विषय निघाला आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असतात. प्राणी ठणठणीत दिसतो. जंतू विष्ठेतून त्याच्या कातडीवर, पाण्याच्या भांड्यावर, पेटीतल्या पसाऱ्यावर येतात. मोठ्या माणसाचं जुलाबावर निभावतं. लहान मुलाच्या रक्तात ते उतरले तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसी स्पष्ट सांगते की पाच वर्षांखालच्या मुलांनी आणि पासष्टीच्या वरच्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांना हात लावू नये. त्या देशात छोट्या कासवांमुळे मुलं इतकी आजारी पडली की चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं विकायलाच १९७५ मध्ये बंदी आली.

आणि मुलाने सापाला हात लावलाच पाहिजे असंही नाही. बापाने साप हाताळला, त्याच हाताने मुलाला वरणभात भरवला, की झालं. आमच्या घरी पाच वर्षांखालचा एक आणि पासष्टीवरची एक, दोघंही. तोवर मोदकचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये विसळलं जात होतं. आईला हे अजून माहीत नव्हतं, आज इथे बसून कळलं. आई, सॉरी.

आता भांडं वरच्याच बाथरूममध्ये धुतलं जातं, त्याचा वेगळा स्पंज. भाऊ सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुतो आणि शर्ट बदलूनच खाली येतो. खाण्याचे उंदीर गोठवलेले येतात, पण गोठवल्याने ते जंतू मरत नाहीत. पहिल्या महिन्यात ते पुडकं घरच्या फ्रिजमध्ये, आइस्क्रीमच्या डब्यामागे ठेवलेलं आईला सापडलं. ‘ज्या घरात गणपती बसतो, त्या घरात त्याचं वाहन फ्रिजमध्ये?’ या प्रश्नाला आम्हा दोघा भावांकडे उत्तर नव्हतं. भावाने दुसऱ्या दिवशी छोटा डीप फ्रीझर विकत आणला. देवाच्या कारणाने झालं, पण डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं.

उंदीर लांब चिमट्याने द्यायचा, हाताने कधीच नाही. हाताला उंदराचा वास असेल तर सापाला तुमचं बोट आणि उंदीर यांत फरक कळत नाही. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हलवायचं नाही. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ होतात, तेव्हा तो चिडका असतो. हे सगळं आमच्या मुलीला आज पाठ आहे. तिला मी फ्रीझरची किल्लीही दिलेली नाही, ते वेगळं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षीचा पावसाळा. कुलूप, वही, साबण, सगळं चोख चाललेलं. रविवारची सकाळ, रात्रभर पाऊस होऊन उघडलेला. मी मागच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. पुतण्या, तेव्हा चार वर्षांचा, कुंड्यांपाशी खेळत होता. एकदम आनंदाने म्हणाला, ‘काका, मोदक खाली आला! कुंडीपाशी झोपलाय!’

मला राग आला तो भावावर, पुन्हा कुलूप राहिलं म्हणून. पेपर खाली करून पाहिलं. तुळशीच्या कुंडीला लागून गुंडाळी होती. तपकिरी अंग, त्यावर गडद ठिपके. पण ते ठिपके साखळीसारखे, ओळीने, एकामागून एक. डोकं तिकोनी, मानेपासून वेगळं. आणि आवाज. कुकरची शिट्टी कोणी अर्धवट दाबून धरावी तसा सलग फूत्कार. मोदकने दोन वर्षांत कधी तसा आवाज काढलेला नाही. ती घोणस होती. आपले गुजराती शेजारी ज्याला खडचितळो म्हणतात ती.

आणि पोरगं दोन्ही हात पुढे करून तिच्याकडे चाललं होतं. त्याच्या बाबांनी शिकवल्याप्रमाणे. दोन्ही हात खालून, हळू, न घाबरता.

मी त्याला मागून कमरेत उचललं. नंतर फरश्या मोजल्या. दोन-दोन फुटांच्या दोन फरश्या राहिल्या होत्या.

सर्पमित्रांना फोन केला. ते येईपर्यंत मी लांब उभा राहून तिच्यावर नजर ठेवली, घरातल्यांना दार लावून आत बसवलं. अर्ध्या तासात मुलगे आले, अडीच फुटांची मादी होती, बरणीत घालून घेऊन गेले. पुतण्या रडत होता, ‘मोदकला का नेलं?’ त्याला वर नेऊन पेटी दाखवली. मोदक आत होता, कुलूप लावलेलं, वहीत भावाची सही. त्याने काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘मग तो कोण होता?’

त्या दिवशी आम्हा भावांचं जे बोलणं झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. भाऊ म्हणत होता, ‘माझ्या सापाने काय केलं? माझी पेटी बंद होती.’ खरं होतं ते. चूक पेटीची नव्हती. त्या पोराच्या तिसऱ्या वाढदिवसाला त्याच्या गळ्यात मोदक घातलेला फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आला होता, आणि त्याला मीही अंगठा दाखवला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मुलाला शिकवलं होतं की असा तपकिरी, ठिपक्यांचा, गुंडाळून बसलेला प्राणी आपला असतो, आणि त्याला हळूच उचलायचं असतं.

आफ्रिकेतल्या घराच्या अंगणात काय असेल ते असो, आपल्या अंगणात घोणस आहे. मोठी माणसंही घोणस आणि अजगराचं पिल्लू यांत फसतात. बिनविषारी डुरक्या घोणस तर नावापासूनच गोंधळ घालते. कवड्या आणि मण्यार यांत फरक सांगताना मी स्वतः टॉर्च मारून दोनदा बघतो. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, मण्यारीचे थोडे मागून, जोडीजोडीने. हे ओळखणं चार वर्षांच्या मुलाकडून कसं मागायचं? घोणशीची पिल्लं तर जन्मतःच विषारी, एका वेळी वीस-तीस होतात, आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला बाहेर फिरतात.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. यातली जवळपास सगळी नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशा अंगणातल्या आणि शेतातल्या सापांची. पाळलेल्या अजगराची गणती त्यात नाही. म्हणून मी म्हणतो, मोदकमुळे धोका झाला तो मोदकच्या चाव्याचा नव्हता.

मग आम्ही काय केलं? मोदकला बाहेर सोडायचा प्रश्नच नव्हता. परदेशी प्राणी इथल्या रानात सोडणं चूक, आणि तो बिचारा जगलाही नसता. काही महिने तो भावाच्या एका लग्न न झालेल्या मित्राकडे द्यावा असं ठरत होतं, पण मित्राचंच लग्न ठरलं. तेव्हा तो वरच राहिला. लहान मुलासमोर त्याला पेटीतून काढणं बंद. गळ्यात घालणं कोणाच्याच नाही. मुलीला आठवं लागल्यावर भाऊ समोर बसलेला असताना, शेपटीकडून, दोन मिनिटं हात लावायची परवानगी, मग साबण. पुतण्याला नाही. त्याने रडून पाहिलं, उपोषण करून पाहिलं.

त्याला एक वेगळाच खेळ शिकवला. साप दिसला, कुठलाही, कसाही, मोदकसारखा असला तरीही: पाय दगडासारखे थांबवायचे, मग एकेक पाऊल मागे, आणि मोठ्या माणसाला हाक. महिनाभर मी घरात जुन्या पाण्याच्या नळीचे तुकडे लपवून ठेवले. कधी सोफ्याखाली, कधी बुटांच्या कपाटात. दिसला की ‘दगड!’ आता तो मलाच रागावतो, मी नळी ओलांडून गेलो तर. शाळेतून येताना त्याने धामण पाहिली तेव्हा खरंच थांबला, असं रिक्षावाल्याने सांगितलं. तुमच्या घरी साप पाळलेला नसला तरी हा खेळ खेळून बघा, नळीचा तुकडा फुकट मिळतो.

कोणाला दंश झालाच, तर. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी, बांगडी, पायातली तोरडी काढा, सूज येते. मुलाला चालवू नका, आडवं ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन, किंवा जी गाडी मिळेल ती, आणि सरळ सरकारी दवाखाना, तिथे विषावरची लस असते. भुव्याकडे वाटेत थांबू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. डॉक्टरांना सांगा की साप चावला, कसा दिसत होता तेही सांगा, पण त्याला मारून पिशवीत नेण्यात वेळ घालवू नका. मुलाला लस मोठ्यांएवढीच लागते. कारण सापाने विष मोजून लहान मुलाला कमी दिलेलं नसतं. कोणी म्हणालं, ‘पोर लहान आहे, अर्धा डोस द्या’, तर गप्प बसू नका. आणि मण्यार रात्री झोपेत चावते, पुष्कळदा दुखतही नाही. पावसाळ्यात मुलं जमिनीवर झोपत असतील तर त्यांना खाटेवर घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

कार्यवाहांनी विचारलंय की घरात लहान मूल असताना साप पाळावा की नाही. पाच वर्षांखालचं मूल असेल तर पाळू नये, माझं सरळ उत्तर आहे. आमच्याकडे आहे म्हणून विचाराल, तर आमच्याकडे आहे म्हणूनच सांगतोय. भाऊ मागच्या रांगेत बसलाय, त्याचं मत वेगळं आहे, चहाच्या वेळी त्याला विचारा. साप बघायला यायचं असेल तर या, पण फोन करून या आणि कडेवरची मुलं खाली आजीपाशी राहतील.

फक्त गणपतीत येऊ नका. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा. आईचा नियम आहे की त्या पाच दिवसांत उंदीर द्यायचा नाही, फ्रीझरही उघडायचा नाही. बॉल पायथनला महिनाभर खायला दिलं नाही तरी काही होत नाही, त्यामुळे कोणाचीच तक्रार नसते. पुतण्याने यंदा त्यात भर घातलीय. तो म्हणतो, मोदकलाही उकडीचा मोदक ठेवू, काचेच्या बाहेरून.